अक्कांचा सत्कार आणि वरच्या मजल्यावरचा हॉल

हसायचं असेल तर हातातला कप आधी खाली ठेवा. हा प्रकार ऐकताना आमच्या व्याह्यांच्या नव्या शर्टावर चहा सांडलाय, म्हणून सांगतो.

झालं असं की आमच्या वाचनालयानं ठरवलं, यंदा पुढाऱ्यांचे सत्कार पुरे; सोलापुरातल्या खऱ्या कामाच्या माणसाचा करायचा. नाव एकमतानं निघालं, सरस्वती अक्का. विणकरांच्या वस्तीत राहणाऱ्या. घरी तेलुगू, बाहेर मराठी आणि भांडायला दोन्ही. अपंगांच्या हक्कांसाठी या बाईनं सरकारी कचेरीत पायऱ्यांशेजारी उतार करून घेतला, अर्ज घेण्याच्या उंच खिडक्या खाली आणवल्या, आणि पेन्शनसाठी लोकांना हेलपाटे घालायला लावणाऱ्या साहेबाला खाली दारात यायला लावलं.

मी निवृत्त मराठीचा मास्तर आणि वाचनालयाचा चिटणीस. म्हणजे हॉल आणि मानपत्र, दोन्ही माझ्या गळ्यात. अक्कांना मी कधी पाहिलं नव्हतं. फोटो आला होता, पण पासपोर्टचा. त्यात माणूस छातीपर्यंतच असतो, त्याला मी काय करू?

फोन केला. मागे यंत्रमागांचा खडखडाट.

"अक्का, मोठा हॉल घेतलाय बघा, वरच्या मजल्यावर."

"जिना हाय का सर तितं?"

मला वाटलं, बाई हौशी दिसतात. "आहे की. चांगला रुंद. दोन्ही बाजूंनी झेंडूच्या माळा सोडतोय."

"मग मी कशी येनार?"

"दारात रिक्षा पाठवतो ना."

"रिक्षा खालपत्तुर येईल. फुडं?"

"पुढं आम्ही आहोत की. सनई लावून वर नेऊ तुम्हाला."

अक्का हसल्या. "बरं. येते. बगू तुमी कसं नेताय ते."

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, किती निगर्वी बाई आहेत.

कार्यक्रमाच्या दिवशी वर हॉल गच्च भरलेला. प्रमुख पाहुणे, निवृत्त न्यायाधीश, व्यासपीठावर बसलेले. मी गुलाबाचं फूल घेऊन खाली उभा. रिक्षा आली. रिक्षावाल्यानं मागून घडीची चाकाची खुर्ची काढली, उलगडली, आणि अक्का हातांवर जोर देत सफाईनं तिच्यात येऊन बसल्या. रिक्षावाल्यानं जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, अक्का को ऊपर कैसा लेके जाते?"

सनई वाजत होती. माझ्या हातात फक्त गुलाब.

"चार जण बोलावतो," मी म्हणालो, "अलगद उचलून…"

"नको सर." अक्कांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "कचेरीत एकदा मला असंच पोत्यागत उचलून नेलं. कागद दिला, आनि परत उचलून रस्त्यावर आणून ठिवलं. कुनी मला इचारलं न्हाय. त्या दिवसापास्नं मी भांडाय लागले. मी हितंच बसते. तुमी वर चालू द्या की."

सत्कारमूर्ती खाली आणि सत्कार वर. मी जिना चढून वर गेलो. न्यायाधीशांच्या कानात सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की शिक्षा तेवढी सुनवायची राहिली. मग उठले, स्वतःची खुर्ची स्वतः उचलली आणि जिन्याकडे निघाले. त्यांच्यामागून अख्खा हॉल. कुणाच्या डोक्यावर खुर्ची, कुणाच्या हातात माइक, आणि आमचे सनईवाले वाजवत वाजवतच खाली. ज्या कामासाठी आम्ही अक्कांचा गौरव करत होतो, ते काम त्यांनी आमच्याकडून तिथल्या तिथं पुन्हा करून घेतलं, बसल्या जागी.

स्कूटरींच्या मधे कार्यक्रम सुरू झाला. तुम्ही म्हणाल, संपलं. कसलं संपतंय? मानपत्र वाचायचं होतं.

मी चौकट उचलली आणि पहिली ओळ पाहिली. 'ज्यांच्या पायाला सदैव भिंगरी.' माझीच भाषा. पुढची ओळ, 'ज्यांची पावले कधी डगमगली नाहीत.' मी पावलं गाळली, भिंगरी गाळली, आणि जिथं पाय दिसेल तिथं हात घालत सुटलो. घाईघाईत मोठ्यानं वाचून गेलो, "लहानपणापासून त्या स्वतःच्या हातावर उभ्या राहिल्या."

आणि पहिलं हसू कुणाचं आलं असेल? अक्कांचं. पदर तोंडाला लावून हसत होत्या. "सर," म्हणाल्या, "जे लिवलंय तेच वाचा. भिंगरी हाय की मला, खुर्चीला."

मग काय, सगळं वाचलं. प्रत्येक पायाला टाळी पडली. मला इतक्या टाळ्या आयुष्यात कधी पडल्या नव्हत्या.

आठवड्याभरात अक्कांचा फोन. आता त्यांनी शहरातली सभागृहं धरलीत: खाली जागा द्या, नाहीतर लिफ्ट बसवा. "सर, माज्यासंगं चला. तुमची लई गरज हाय."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, चूक केली पण कामाला आलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पहिल्याच ठिकाणी मालक म्हणाला, "अक्का, असली अडचण कधी येत नाही हो. हॉल घेणारी माणसं सुशिक्षित असतात, आधी विचार करतात."

अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "हे सर. माज्या सत्काराला वरचा हॉल यांनीच घेतला. मास्तर होते."

मालकानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विषय मिटला.

आतापर्यंत पुष्कळ सभागृहांत जाऊन आलोय. मला तिथं बोलावं लागत नाही. नुसतं दाखवतात.