बोटभर माती

तामलवाडीच्या रस्त्यालगत एका माणसाची रोपवाटिका आहे. नाव मी कधी विचारलं नाही. तो वडाचे बोन्साय करतो. मुळं उघडी पडावीत म्हणून दर वर्षी वरची माती बोटभरच धुऊन काढतो. आठ वर्षं जपलेलं एक झाड मला देताना त्यानं बजावलं, "घाई करू नगा. मुळाला उन्हाची सवय लागू द्या."

मी एका रविवारी पाइप लावून सगळी मुळं एकदम उघडी केली. पंधरा दिवसांत झाड वाळलं.

तिथून जाताना तो अजून मला थांबवतो. ओल्या हाताची बोटं वर धरतो, दर वर्षी एक जास्त.

"औंदा चौथं बोट. मुळं दिसाय लागली आसतील न्हवं?"

"हो," मी म्हणतो.

तो समाधानानं हसतो. "तुमच्या हाताला धीर हाय, सायेब."