कुरडयांपुरती स्वच्छ हवा

आमच्या गल्लीच्या मागं लोखंड ओतण्याचा कारखाना आहे. भट्टी पेटली की धूर सरळ आमच्या गच्चीवर. वाळत घातलेले पांढरे कपडे राखाडी होऊन खाली येतात, त्याचं एक वेळ सोडा. पण माझ्या आईला दमा आहे. ती भर उन्हाळ्यात खिडक्या लावून, दम्याचा पंप हातात धरून बसते.

मध्यंतरी नियम कडक झाले तेव्हा मालकानं धुराड्याला यंत्र बसवलं. धूर पाण्याच्या फवाऱ्यांतून जातो, काजळी खाली बसते, वर नुसती पांढरी वाफ निघते. सुरुवातीचे दिवस आम्ही खरंच सुखात होतो. आई गच्चीवर येऊन बसायला लागली होती. मग यंत्र फार वीज खातं म्हणून बंद झालं. तपासणीचे साहेब येणार असले की तेवढं चालू. साहेब कधी येणार हे मालकाला आधी कसं कळतं, हे विचारण्याइतका मी भोळा नाही.

एकदा साहेब न कळवता आले आणि दंड बसला. यंत्र तरीही बंदच. मी भांडायला गेलो, तर मालकानं आधी चहा मागवला.

"मास्तर, दंड भरलाय की. फुकट धूर सोडतोय व्हय?"

माझं डोकंच फिरलं. माझ्या जुन्या स्कूटरचा पर्यावरण कर मीही मुकाट्यानं भरतो. पण पावती खिशात आहे म्हणून कुणाच्या तोंडावर धूर सोडायचा हक्क मिळाला, असं मला कधी वाटलं नाही. कर काय, दंड काय, लावायचा तो धूर थांबावा म्हणून ना? यंत्र चालवण्यापेक्षा दंड भरणंच परवडत असेल, तर तो दंड कसला? ते धुराचं भाडं झालं. आणि ते भाडं घेणाऱ्यांपैकी कुणीही आमच्या गल्लीत राहत नाही.

यंदा कुरडयांचे दिवस आले तशा गल्लीतल्या बायका मालकाकडं गेल्या. वर्षाचं वाळवण काळं होतं म्हणाल्या. तो लगेच तयार.

"वैनी, कुरडया कवा घालणार तेवढं सांगा. त्या दिवशी मशीन चालू ठेवतो की."

बायका खूश. माणूस चांगला आहे म्हणे. माझी बायकोही त्यांच्यातलीच. मी तिच्यावरच ओरडलो, "आईसाठी इतके दिवस घसा कोरडा करतोय तेव्हा वीज परवडत नाही, आणि कुरडयांना परवडते?"

"मग काळ्या कुरडया खाणार हायसा?" ती म्हणाली.

ठरल्या दिवशी गच्चीभर कुरडया पसरल्या. धुराड्यातून खरोखर पांढरी वाफ निघत होती. आई जिन्याच्या कठड्याला धरून वर आली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून दिवसभर बसून राहिली. पंप खालीच राहिला होता. तिनं तो मागितलाही नाही.

ऊन उतरलं तशी बायको वाळलेल्या कुरडया डब्यात भरायला लागली. मी आईला म्हटलं, चल खाली. ती काही उठेना.

"त्याला जाऊन सांग," धुराड्याकडं बघत ती म्हणाली, "उद्याबी आमच्या कुरडया हायत."

घरात भिजवलेल्या गव्हाचा दाणा शिल्लक नव्हता. मी चपला घातल्या आणि खोटं बोलायला निघालो.