तखताखालची पंचवीस मिनिटं

कुंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी भेंड्या चिरत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या भेंड्या चिरल्या. सगळे तुकडे सारखे. मग चपला घातल्या. दीड महिना झाला, पण रामाचं नाव निघालं की मला आधी त्या भेंड्याच आठवतात... बाकीचं मागून येतं.

रामा म्हणजे रामकृष्ण लांजेवार. आमच्या दोघांचे बाप भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईच्या कारखान्यात आले आणि पुढे आम्हीही तिथेच लागलो. तो रोलिंग मिलमध्ये वर क्रेन चालवायचा, मी खाली उभा राहून त्याला हाताने इशारे करायचो. तीस वर्षांत माझा इशारा दोनदा साफ चुकला. दोन्ही वेळा त्याने ऐकलं नाही, म्हणून मी आज हे लिहायला आहे. तिसऱ्यांदा मात्र त्याने ऐकलं.

रिटायर झाल्यावर दोघंही भिलाईतल्याच जुनवानीत राहायला आलो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. गेल्या हिवाळ्यात त्याच्या डाव्या हातून चहाचा कप सुटायला लागला. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला. वहिनींचे गुडघे दुखतात, म्हणून सोबत मी. दुर्गच्या त्या सेंटरमध्ये माणसाने विचारलं, अंगावर धातूचं काही आहे का? तर मीच घाईघाईने माझा पट्टा काढला आणि पँट धरून उभा राहिलो. रामाने घड्याळ, अंगठी माझ्या हातात दिली. "पेशंट कोन आहे बे?" म्हणाला आणि आत गेला. घाबरलात तर दाबा म्हणून हातात रबराचा फुगा देतात. त्याने तो मिनिटभरातच दाबला. बाहेर आला तेव्हा कपाळ घामाने भिजलं होतं. "मले नाही जमत. नाकासमोर छतच आहे बे." तिथला माणूस चांगला होता. थोडं बसा, परत करून बघू, म्हणाला. बसायला हवं होतं. मी म्हटलं, "चल, जिलेबी खाऊ." आणि तिथल्याच पद्मनाभपुरातल्या एका दुकानासमोर उभं राहून आम्ही पाव किलो संपवली.

घरी येऊन मी वहिनींना सांगितलं, मशीन बिघडली. एवढ्यावर थांबावं की नाही? पण मला थाप रंगवायची सवय. दिल्लीहून पार्ट यायचा आहे, असंही जोडून दिलं. त्या पार्टने तीन आठवडे खाल्ले. मग रामाचा पाय ओढायला लागला आणि माझी थाप मलाच बोचू लागली.

त्यांच्या समोरच्या खोलीत बसायचं एक बुटकं लाकडी तखत आहे. मी रामाला त्याखाली निजवलं. वरच्या फळीवर, त्याच्या नाकासमोर येईल असं, खडूने लिहिलं, 'हालू नको'. आणि बाजूला बसून पक्कडीने परात बडवायला लागलो.

स्वयंपाकघरातून वहिनी आल्या. "काय करून राहिले जी तुमी?"

"मशीनचा आवाज काढून राहिलो, वहिनी."

"मशीन तं बिघडली होती ना?"

"पार्ट आला."

त्या परत आत गेल्या. तखताखालून रामाचं हसू ऐकू आलं, आणि पाठोपाठ तोही बाहेर आला. असं तीन दिवस चाललं. जास्तीत जास्त अकरा मिनिटं. मला वाटलं, याही वेळी हा फुगा दाबणार.

पण दुसऱ्यांदा दुर्गला गेलो त्या दिवशी तो मशीनमध्ये पूर्ण पंचवीस मिनिटं पडून राहिला. मी त्याचं घड्याळ मुठीत धरून बाहेर बसलो होतो. बाहेर आल्यावर म्हणाला, "तुझ्या परातीपेक्षा बरी वाजते." फोटोत गाठ दिसली. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, तीन आठवडे आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "आता पुढचं बघू या." पुढचं चार महिन्यांत संपलं.

परवा वहिनींनी बोलावलं. खोलीला रंग द्यायचा होता, तखत हलवायचं होतं. मी एक बाजू धरली आणि एकदाचं सांगून टाकलं की मशीन बिघडली नव्हती.

"मालूम आहे," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी त्याच दिवशी सांगतलं मले. जिलेबीचं बी."

"मग तुमी काहून नाही बोलल्या?"

"मी बी भेलीच होती, भाऊजी."

मी तखत खाली ठेवलं. वाकून फळीची खालची बाजू पाहिली. माझ्या 'हालू नको'च्या खाली, शिफ्टच्या वहीत लिहायचा तशा अक्षरात रामाने ओळीने लिहिलं होतं... ४ मि., ७ मि., ११ मि., १४ मि., १९ मि., २५ मि. ओके. प्रत्येक आकड्यापुढे त्याची आखूड सही. माझ्या परातीचे फक्त पहिले तीन. बाकीच्या वेळी तो एकटाच खाली गेला होता. माझ्यासमोर मात्र म्हणायचा, "झालं तं झालं, नाही तं नाही."

मी वहिनींना घड्याळ बघायला सांगितलं आणि सरकत सरकत आत शिरलो. नाकासमोर फळी. धुळीचा वास. हात कुठे ठेवायचे तेच मला कळेना. तीस वर्षं हलवलेले हात... बाहेर आलो तेव्हा धाप लागली होती.

"किती झाले?"

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. "चार. पहिल्या दिवशी ह्यांचे बी चारच झाले होते."

तखत आम्ही हलवलं नाही. रंगवाल्याला सांगितलं, तेवढी भिंत राहू दे.