नाल्यापलीकडचं माहेर

चौथीच्या भूगोलात आमचा जिल्हा होता, पण नकाशावर आमचं गाव नव्हतं. गुरुजींनी शाईत बोट बुडवून एक ठिपका टेकवला आणि म्हणाले, हे आपलं गाव. ठिपका एकच होता. खरं गाव दोन तुकड्यांत होतं आणि मधून नाला वाहायचा. अलीकडे उंचावर पडकी गढी, तिच्या पायथ्याशी चावडी आणि शाळा. पलीकडे पेठ, तिथे आठवड्याचा बाजार भरायचा. माझा जन्म पेठेतला. लग्न होऊन मी गढीकडे आले, म्हणजे नाला ओलांडला, तेवढंच.

त्या वर्षांत आमचं गाव जागचं न हलता खूप फिरलं. मी शाळेत होते तेव्हा ते मध्यप्रांत व वऱ्हाडात होतं. मग मध्यप्रदेशात गेलं, मग मुंबई राज्यात आणि शेवटी महाराष्ट्रात. चावडीवरची पाटी दरवेळी नवी रंगवायची. माझे सासरे ग्रामपंचायतीत पंच होते. ओसरीवर बसून ते म्हणत, "राज्यच फिरून रायलं बाप्पा, आपण तर इथीच बसलो आहो." मी आत चुलीपाशी ऐकायची आणि मला त्या गावाचा हेवा वाटायचा. मला साधा नाला ओलांडून मायकडे राहायला जाता येत नव्हतं.

दिवाळीला आमच्याकडे लेकीला न्यायला माहेराहून मुराळी येतो. भाऊ येतो, नाहीतर काका. बैलांना झुली घालून दमणी जुंपतात, सासू ओटी भरते, आणि लेक चार दिवस माहेरी निजते, उशिरा उठते. पण गावातल्या गावात दिलेल्या लेकीला मुराळी नसतो. आठ घरं ओलांडून गाडी पाठवली तर लोक हसतील. माझ्या जावा कार्तिकाच्या तोंडावर गाड्यांत बसून जायच्या आणि मी त्यांच्या वाटच्या भाकरी थापायची. एकदा सासूबाईंना मी अडखळत विचारलं. त्या म्हणाल्या, "तुले कायचा मुराळी पाह्यजे वं? तुयी माय तर अंगणातून दिसते."

दिसायची खरी. बाजाराच्या दिवशी मी मायच्या उंबऱ्यापर्यंत जायची, उभ्याउभ्या पाणी प्यायची, पिशवी उचलून परत यायची. पावसाळ्यात तेही नाही. नाला भरला की ती त्या काठावर आणि मी या काठावर. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. चेहरा तिला इतक्या लांबून कळत नसे, म्हणून मी लाल लुगडं नेसून काठावर जायची. लाल दिसलं की ती पदर हलवायची. हे लाल दिसणंही एक दिवस बंद होईल, हा विचार माझ्या मनात बसला आणि मग मला कशातच स्वस्थ वाटेना. दळता दळता उठायची, दारापर्यंत जायची, परत बसायची. सासूबाई म्हणायच्या, "तुया पायाले भवरा हाय काय?"

एका बाजाराच्या दिवशी माय सहज बोलून गेली, "गाव येगळं असतं तर मुराळी धाडला असता वं." त्याच सुमारास पेठेतल्या लोकांनी अर्ज केला होता की आम्हाला वेगळी ग्रामपंचायत द्या. पावसाळ्यात त्यांचे पंच बैठकीला पोचायचे नाहीत आणि ठराव होऊन जायचे. दिवाबत्ती गढीकडे, रस्त्यावर मुरूम गढीकडे. माझे सासरे तर पेटले. "एका गावाचे दोन गावं? उद्या मनतीन एका घराचे दोन घरं!" ओसरीवर रोज हेच चालायचं. मी चहा नेऊन ठेवायची, मान खाली. घरात एकटी मी गाव तुटायची वाट पाहत होते आणि त्या लोकांना चहाही मीच पाजत होते.

चौकशीला तालुक्याहून साहेब आले. सकाळी गढीकडची बाजू ऐकायची आणि दुपारी पेठेत जायचं, असं ठरलं होतं. सासऱ्यांनी त्यांना आमच्याच ओसरीवर बसवलं आणि गावभर सांगत फिरलेलं वाक्य ऐकवलं. "साहेब, नाला कायचा तो? पायाचा घोटाबी भिजत नाई. एकच गाव हाय आमचं." त्या दिवशी आमच्याकडे ऊन होतं, पण वर सातपुड्याच्या अंगाला पाऊस झाला असावा. साहेब उठून काठावर गेले तर नाला गढूळ होऊन वाहत होता, बाभळीचं एक झाड आडवं घेऊन. पलीकडे पेठेतली माणसं हार घेऊन उभी होती. एक म्हातारा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "साहेब, या ना! घोटाबी भिजत नाई!"

साहेब हसले, वळले आणि दिवसभर आमच्याच ओसरीवर अडकून पडले. तीनदा चहा झाला. तिसऱ्या वेळी माझ्या हातून साखर जास्त पडली. सासूबाईंनी चाखून माझ्याकडे पाहिलं.

निकाल यायला पुढचा उन्हाळा उजाडला. पेठेला वेगळी ग्रामपंचायत मिळाली. आमच्या घरी त्या दिवशी कोणी धड जेवलं नाही. मी भांडी मुद्दाम आपटत घासली, कारण मला हसू येत होतं.

मग मी दिवाळीची वाट पाहू लागले. मायला निरोप कसा द्यावा, कळत नव्हतं. मुराळी धाड असं लेकीने सांगायचं नसतं. ती विसरली असेल, असंही वाटायचं. करंज्या तळताना रस्त्यावर चाक वाजलं की झारा तेलातच सोडून मी दाराशी. कधी कापसाने भरलेली बैलबंडी, कधी जावेचा भाऊ. सासूबाई म्हणाल्या, "सरकारनं गाव तोडलं, नाला थोडाच रुंद केला? कोणी येत नाई." मी मान हलवली आणि करपलेली करंजी पदराखाली लपवली.

पाडव्याच्या सकाळी दमणी आली ती चावडीकडून. नाल्यात तेव्हा पाऊलभर पाणी होतं, माणूस चालत सहज आला असता. पण काठ उभा, तिथून गाडी उतरत नाही. भाऊ वरच्या रपट्यापर्यंत, गाड्यांसाठी बांधलेल्या फरशीपर्यंत गेला होता, तिथे नाला ओलांडून, दुसऱ्या गावच्या शिवेला वळसा घालून, अख्ख्या गढीसमोरून वाजतगाजत घुंगरं घेऊन आला होता. बैलांना झुली होत्या. लोक खरंच हसले. भावाचे कान लाल झाले होते. ओसरीपुढे उभा राहून तो सासऱ्यांना म्हणाला, "मामाजी, बाईले न्याले आलो. परगावचा मुराळी हाय मी."

सासरे बराच वेळ सुपारी कातरत राहिले. गाव एकच आहे म्हणावं तर ते भांडण ते हरले होते. वेगळं आहे म्हणावं तर सून पाठवावी लागत होती. शेवटी आत पाहून म्हणाले, "ओटी भरा तिची."

सासूबाईंनी ओटी भरली, शिदोरीसुद्धा बांधली, "रस्ता लांबचा हाय" म्हणाल्या. आम्ही त्याच वळशाने गेलो.

माय दारात होती. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "लाल नेसली ना?" मी हो म्हटलं. मी तिच्याजवळ बसले, तिची वेणी घातली, शिदोरी दोघींनी मिळून खाल्ली. यासाठी इतकी वर्षं जीव टांगला होता. पण दुसऱ्या दिवसापासून माझं लक्ष नाल्याकडे. मायच्या अंगणातून आमचं घर दिसायचं. आमच्या चुलीचा धूर उशिरा निघाला, म्हशीला अजून सोडलं नाही, हे सगळं मला बसल्या जागी कळत होतं. उठायची, काठापर्यंत जायची, परत यायची. माय म्हणाली, "इथीबी भवराच काय वं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या काठावर सासूबाई आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी हाक मारली, "अवं! विरजणाचं गाडगं कुठी ठेवलं?"

मी आयुष्यात कधी मोठ्याने बोलले नव्हते. त्यांच्यासमोर तर ओठांतच बोलायची. पण त्या तिकडे होत्या आणि मी इकडे, माझ्या गावात. मी ओरडून सांगितलं, "शिंक्यावर! वरच्या!"

"काय?"

"शिंक्यावरऽऽ!"

त्यांनी हात हलवला आणि गेल्या. मागे माय हसत होती. म्हणाली, "तुयाच आवाज होता काय वं हा? मले वाटलं पेठेचा सरपंच बोलून रायला."