सरांचा चुकलेला ठिपका

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच, आणि तोही हिंदी शाळेतून. मराठी माझी घरातली. वडील मदन महलजवळ पिठाची गिरणी चालवतात आणि गिरणीच्या आवाजात जे बोलायचं ते ओरडून आणि थोडक्यात बोलावं लागतं, त्यामुळे लांब लिहिण्याची मला सवय नाही. सरांवर लिहायला खरं तर कुणी जाणता माणूस हवा होता. पण त्यांचे जाणते विद्यार्थी सगळे बाहेर गेले आणि जबलपुरात उरलो मी. तेव्हा जमेल तसं लिहितो. सरांइतका ठिकाणाचा वेडा माणूस या पृथ्वीवर दुसरा नसेल. लोक जमिनीसाठी भांडतात, घरासाठी भांडतात. सर वर्षानुवर्षं भांडले ते नकाशावरच्या एका ठिपक्यासाठी. तो ठिपका म्हणजे त्यांच्या बायकोच्या घशातून घेतलेला कोरोनाचा नमुना होता. तो जबलपूरचा असून भलत्याच शहराच्या नावावर लागला होता, आणि तो आपल्या गावी यावा एवढंच त्यांना हवं होतं.

सर आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्र विभागातून माझ्या बऱ्याच आधी निवृत्त झाले होते. राइट टाउनमधल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो माझ्या प्रोजेक्टसाठी काही विचारायला, आणि त्यांनी मला सरळ स्वयंपाकघरात नेलं. तिथे प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. तूरडाळ, गाडरवारा. हळद, वायगाव. खाली तारीख. प्रयोगशाळेत नमुना कुठून आणि कधी घेतला ते बाटलीवर लिहितात, ती सवय निवृत्तीनंतर डाळ-तांदळावर उतरली होती. पुढच्या वेळी आईनं त्यांच्यासाठी आंब्याचं लोणचं दिलं. सरांनी बरणी हातात घेतली, झाकण उघडलं नाही, विचारलं, "आंबा कुठला?"

"बाजारातला, सर."

"बाजार हे ठिकाण नाही रे. विचारून ये."

मी घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "ते लोणचं खाऊन राहिले का पंचनामा करून राहिले?" तरी दुसऱ्या दिवशी ती भाजीवालीला विचारून आली. आंबा कटंगीकडचा निघाला. सरांनी तसं बरणीवर लिहिलं, मग कुठे एक फोड जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून म्हणाले, "हां, आता लागली चव."

माणसांच्या बाबतीतही तेच. एकदा ऑटोत बसल्या बसल्या त्यांनी चालकाला विचारलं, "भैया, कहाँ के हो?" तो म्हणाला, रांझीचा. "वो तो जहाँ रहते हो, वो हुआ. मूल कहाँ के?" आजोबा सागरहून आले होते, आजोबांची आई दमोहची होती, आणि ती दमोहला कुठून आली याचा शोध लागेपर्यंत आम्ही आमचं वळण सोडून बरेच पुढे गेलो होतो. तो बिचारा परतीचे पैसे घ्यायलाही तयार नव्हता. म्हणाला, "बाऊजी, इतना तो हमारे घर में किसी ने नहीं पूछा."

माझा प्रोजेक्ट होता कोरोनाच्या काट्यावर. या विषाणूच्या अंगावर प्रथिनाचे काटे असतात, आणि माणसाच्या पेशीत तो शिरतो तो या काट्याच्या जोरावर. विषाणू आपल्या नकला काढत पसरतो. नकलेत कधी चूक होते आणि काट्याच्या लांबलचक साखळीतली एखादी कडी बदलते. कुठे एक बदल जास्त दिसतो, कुठे दुसरा, म्हणून नमुन्यातले बदल पाहून तो कुठून कुठे गेला असेल याचा अंदाज बांधता येतो. हे पुस्तकात वाचून मला काही कळलं नव्हतं. सर मला सदर बाजारात घेऊन गेले आणि दोन प्लेट जलेबी मागवली, एक मैद्याची आणि एक आपली खोव्याची. दोन्ही समोर ठेवून ते चष्मा वर-खाली करत पाहत बसले. "वेटोळं तेच, पाक तोच," ते म्हणाले. "एक जिन्नस बदलला. पण तेवढ्यानं रंग बदलला, वजन बदललं, अन् कोणी डोळे बांधून खाऊ घातली तरी तू सांगशील की मी जबलपुरात आहे."

हलवाई बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "बाऊजी, खाएँगे भी कि सिर्फ़ दर्शन करेंगे?"

"पहले ये बताइए, खोवा डालना शुरू किसने किया?"

"हमारे यहाँ तो शुरू से ही है."

सर माझ्याकडे वळले. "पाहिलंस? जिथं बदल रुजतो, तिथल्या माणसाला तो बदल वाटतच नाही." मग दोन्ही प्लेट त्यांनी एकट्यानं संपवल्या. मला साखळी, कडी आणि नकला समजल्या, जलेबी मात्र मिळाली नाही.

काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, मी पाहिलं नाही. त्या दुसऱ्या लाटेत गेल्या. तेव्हा इथले काही नमुने पेटीत घालून दूरच्या एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जात, आणि तिथे विषाणूची पूर्ण जनुकीय साखळी वाचून जगाच्या माहितीसाठ्यात टाकली जाई. काकूंचा नमुनाही जावा म्हणून सरांनीच आग्रह धरला होता. आजार कुठून आला ते कळेल, असं त्यांना वाटलं होतं. नमुन्याचा नंबर त्यांच्या हाती आला तेव्हा काकू नव्हत्या. त्यांनी साठा उघडून तो नंबर शोधला. नाव तिथे नसतंच. स्त्री, वय, तारीख बरोबर होती. ठिकाणाच्या जागी त्या मोठ्या शहराचं नाव होतं. तिथे कुणीतरी पेटीतल्या सगळ्याच नमुन्यांना आपल्या प्रयोगशाळेचा पत्ता देऊन टाकला होता.

"ती जन्मात त्या शहरात गेली नाही," सर मला म्हणाले होते. हे सांगतानाही त्यांचा आवाज चढला नव्हता, एखादं पार्सल शेजाऱ्याकडे गेल्यासारखं ते बोलत होते. मग त्या प्रयोगशाळेला त्यांचे मेल सुरू झाले. उत्तर यायचं की आपली सूचना संबंधितांकडे पाठवली आहे. त्या संबंधितांचा शोध घ्यायला सरांनी एकदा माझ्यासमोर फोन लावला. पलीकडची मुलगी चांगली होती, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, इससे रिज़ल्ट में क्या फ़र्क़ पड़ेगा?"

"आपके रिज़ल्ट में तो नहीं पड़ेगा, बेटी," सर म्हणाले आणि तिला आशीर्वाद देऊन फोन ठेवला.

विभागातले त्यांचे जुने सहकारी भेटले की चेष्टा करायचे. "सरजी, वायरस का आधार कार्ड बना कि नहीं?" सर म्हणायचे, "कहाँ भाई, पता ही नहीं सुधर रहा." आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसायचे. मलाही तेव्हा वाटायचं की हा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे. मग मी माझा पहिला नकाशा काढला. साठ्यातले नमुने त्यांच्या त्यांच्या ठिकाणी मांडले, बदलाप्रमाणे रंग दिले, आणि कागदावर छापून मोठ्या अभिमानानं सरांकडे नेला. त्या मोठ्या शहरावर ठिपक्यांचा नुसता डोंगर झाला होता. आपल्याकडचा भाग पांढरा होता. सरांनी बोट नर्मदेवरून हळूहळू आणलं, जबलपूरच्या पांढऱ्या जागेवर ठेवलं आणि विचारलं, "काहून रे, इथं कोणी आजारीच नव्हतं पडलं?"

त्या दिवसांत आमच्या गल्लीतून कोण कोण गेलं ते मला माहीत होतं. गिरणी बंद होती आणि वडील दारात बसून रुग्णवाहिकांचे आवाज ऐकायचे. त्यानंतर मीही सरांबरोबर मेल लिहायला लागलो. माझं इंग्रजी कच्चं, त्यांचं जुन्या वळणाचं. दोघं मिळून जे लिहायचो ते वाचून तिकडे कुणाला काय वाटत असेल देव जाणे.

मागच्या वर्षी सरांचे गुडघे फारच धरले आणि मुलगी त्यांना बेंगळुरूला घेऊन गेली. जाताना सरांनी सगळे डबे मला देऊन टाकले. आई अजून त्यातलीच हळद वापरते, पण चिठ्ठी काढत नाही. राइट टाउनमधल्या घराला कुलूप आहे. कॉलेजातून येताना माझी सायकल अजूनही तिकडे वळते, आणि फाटकाशी पोहोचल्यावर लक्षात येतं की आज विचारायला काही नाही आणि सांगायलाही कुणी नाही. हल्ली कुणी आडनाव सांगितलं की मीच विचारतो, मूळ कुठले? समोरचा उत्तर देतो आणि मला पुढचा प्रश्न सुचत नाही. सरांना सुचायचा.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या संगणकावर मी ताजी माहिती घेऊन नकाशा पुन्हा काढत होतो. जबलपूरवर ठिपके आले. एकावर एक, बरेच. आधी वाटलं माझंच काही चुकलं. मग मी तो नंबर टाकला, जो मला आता पाठ आहे. स्त्री, वय, तारीख. ठिकाण जबलपूर. कुणी केलं, कधी केलं, काही कळवलं नव्हतं. मी व्हरांड्यात येऊन फोन लावला. सरांच्या मुलीनं उचलला आणि सरांना दिला.

"सर, काकूंचं ठिकाण दुरुस्त झालं."

तिकडे कुकरची शिट्टी झाली.

"फक्त काकूंचं नाही सर. त्या पेटीतले इथले सगळेच."

"सगळे एकत्र आले म्हणतोस?"

"हो सर."

"बरं झालं. एकटीनं प्रवास करायची सवय नव्हती तिला." मग विचारलं, "काट्यात बदल कोणता दिसून राहिला? काही वेगळा?"

"नाही सर. तेव्हा सगळीकडे होता तोच."

"अच्छा," सर म्हणाले. "तोच." मला वाटलं आता फोन ठेवतील. पण ते म्हणाले, "ती पोहोचली बघ जबलपूरला. अन् मीच नाही तिथं."