अठराशे शब्दांचं पोस्टर

हर्षवर्धन देशमाने हा औशाचा, लातूर जिल्ह्यातला. मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या आमच्या संस्थेत तो सात वर्षं पीएचडी करत होता आणि सातही वर्षं त्याला वाटत होतं की आपण बोर्डाची परीक्षा देतोय. दहावीला इतिहासाच्या पेपरला त्याने म्हणे सहा पुरवण्या जोडल्या होत्या. हे तो मेसमध्ये राजमा-चावल खाताना कुणालाही सांगायचा, अगदी पंजाबी पोरांनाही, ज्यांना पुरवणी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मार्क किती पडले ते मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

काम मात्र त्याचं खरंखुरं होतं आणि मला राग यायचा तो याचाच. इकडे ऑक्टोबर संपता संपता शेतांत भाताचा पेंढा जाळतात आणि चंदीगडचं आकाश मळकट होतं. याने एक बुरशी शोधली होती. ती थंडीतही पेंढा वीस दिवसांत कुजवते, जाळायची गरजच नाही. एवढं एक वाक्य आणि शेजारी दोन फोटो टाकले की पोस्टर झालं. शहाण्या माणसाने अर्ध्या तासात केलं असतं.

मार्चमध्ये चंदीगडला परिषद होती. हॉलंडहून डॉ. प्रतिमा नायर येणार होत्या. त्यांच्या प्रयोगशाळेत एक जागा होती आणि पोस्टरं पाहून त्या माणूस निवडणार होत्या. हर्षवर्धनची फेलोशिप संपलेली. ही जागा हुकली तर मेमध्ये हॉस्टेल सोडून काकांच्या कोचिंग क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवायचं, हे घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं. परिषदेत माझंही एक पोस्टर होतं, पण माझ्या पीएचडीचं अजून एक वर्ष बाकी होतं. मला घाई नव्हती.

त्याचं पोस्टर मी लॅपटॉपवर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अठराशे शब्द? अरे, हे पोस्टर आहे का सातबारा? उभ्या माणसाला दोन मिनिटांत कळलं पाहिजे."

"तू मला शिकवायलास का, प्रतीक? कमी लिहिलं तर लोकं म्हणतील, या पोरानं सात वर्षं केलं काय?"

"निदान मधे थोडी जागा मोकळी सोड."

"मोकळी जागा बघितली की वाटतं प्रश्न सोडून दिलाय," तो म्हणाला. अगदी गंभीरपणे.

मग त्याने आणखी भर घातली. गाइडचा फोटो, चार संस्थांची बोधचिन्हं, एक्केचाळीस संदर्भ, आणि हे सगळं निळ्यावर पिवळ्या अक्षरांत, एखाद्या नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखं. निष्कर्ष गेला उजव्या कोपऱ्यात तळाला, सहाव्या तक्त्याच्या खाली. सेक्टर बावीसमधल्या छापणाऱ्यालासुद्धा राहवलं नाही. "सर जी, इतना पढ़ेगा कौन?" त्याने विचारलं. हर्षवर्धनने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बिचाऱ्याने मुकाट्याने छापलं.

परिषदेच्या दिवशी डॉ. नायर त्याच्यासमोर थांबल्या. डोळे बारीक करून त्यांनी पोस्टर वरून खाली पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं.

"एका वाक्यात सांगा, तुम्हाला काय सापडलं?"

"मॅडम, सगळं लिहिलंय," हर्षवर्धन म्हणाला आणि पहिल्या रकान्यापासून सुरू झाला. जगात भात किती हेक्टरवर पिकतो. भारतात किती. पंजाबात किती. त्याचं बोट ओळीवरून हलत नव्हतं. मला त्याची किळस आली. सात वर्षं घासलीस आणि तुला तुझंच काम सांगता येत नाही?

"आणि निष्कर्ष?" त्यांनी घड्याळ पाहत विचारलं.

निष्कर्ष गुडघ्याच्या उंचीवर होता. तो दाखवायला हर्षवर्धन खाली वाकला.

मी हातभर अंतरावर उभा होतो. त्याचं ते वाक्य मला पाठ होतं. "मॅडम, याची बुरशी थंडीतही वीस दिवसांत पेंढा कुजवते," एवढं म्हणायला मला चार सेकंद लागले असते. मी माझ्या शर्टाची बाही नीट केली आणि त्यांच्याकडे पाहून हसलो. तो सरळ उभा राहीपर्यंत त्या माझ्या पोस्टरपाशी आल्या होत्या.

जागा मला मिळाली. माझी पीएचडी संपेपर्यंत थांबायलाही त्या तयार झाल्या.

मेमध्ये त्याची ट्रंक उचलायला मी स्टेशनवर गेलो होतो. गाडीत बसल्यावर त्याने खिडकीतून माझा हात धरला.

"तू सांगत होतास तेच बरोबर होतं. मीच ऐकलं नाही. तुझ्यासारखा मित्र होता म्हणून इथं सात वर्षं निघाली."

मी म्हणालो, "असू दे रे." आणि गाडी हलेपर्यंत हात त्याच्या हातात राहू दिला.