पंचांग पाहून बाप्तिस्मा

नारळ सोलले की सोडणं, म्हणजे वरची सालं, वाडीच्या कोपऱ्यात फेकायची, ही आमची नागावची पद्धत. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण चार वर्षांनी बघावं तर डोंगर! किश्शांचंही तसंच होतं. मी युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात क्लार्क होतो. निवृत्त झालो तेव्हा शाल, घड्याळ आणि एक ख्रिस्ती प्रार्थनामंडळी घेऊन घरी आलो. पहिल्या दोन वस्तू कपाटात आहेत. तिसरी दर रविवारी आमच्या सुपारीच्या पडवीत भरते.

* * *

सुरुवात झाली ती इमॅन्युएलमुळे. हा घानाचा, काँक्रीटमध्ये पीएचडी करायला आलेला. उंची साडेसहा फूट, रुंदी दाराएवढी. पहिल्याच दिवशी त्याने फॉर्म भरून दिला. ‘स्थानिक पालक’ या रकान्यात लिहिलं होतं, नाव : येशू ख्रिस्त. पत्ता : सर्वत्र.

मी फॉर्म वर पाठवला. साहेबांनी लाल शाईत शेरा मारला : ‘पत्त्याचा पुरावा जोडावा.’

दुसऱ्या दिवशी गडी बायबलच्या पानाची झेरॉक्स घेऊन हजर. सेल्फ-अटेस्टेड!

शेवटी मी त्या रकान्यात माझं नाव घातलं आणि नागावच्या घराचं लाइटबिल जोडलं. तेव्हापासून सरकारदरबारी मी येशूच्या जागी बदलीवर आहे. बदलीवरच्या माणसाला देतात तेवढाच मान घरी मिळतो.

* * *

पालक झालो म्हणून इमॅन्युएल दर रविवारी नागावला जेवायला येऊ लागला, मागोमाग हॉस्टेलची आणखी चौघं; या मुलांसाठी एका मिशनरी मंडळाने पास्टर साळव्यांना आमच्याकडे पाठवलं. साळवे मूळचे नगरकडचे, हायस्कुलातून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. पाच फूट दोन इंच. पाणी टँकरमधून येतं एवढंच त्यांना ठाऊक. समुद्राकडे ते पाठ करून बसत.

पहिल्या रविवारी त्यांनी मुलांना एक छोटी पुस्तिका वाटली : ‘येशू कोण आहे?’

इमॅन्युएल अदबीने म्हणाला, “पास्टर, माझे आजोबा बिशप होते.”

शेजारची ग्रेस, युगांडाची, म्हणाली, “माझे बाबा पास्टर आहेत. आईसुद्धा.”

तिच्या शेजारच्या दोघांचे काका पास्टर निघाले. उरला एक व्हिएतनामचा मुलगा. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की तो पुलावासाठी आला आहे.

साळव्यांनी पुस्तिका गोळा केल्या. “भाऊसाहेब, यांना मी आता काय सांगू?”

“मला सांगा,” मी म्हटलं. “इथे पापी मी एकटाच दिसतोय.”

* * *

जेवणाआधी इमॅन्युएल प्रार्थना करायचा. घाना, भारत, दोन्हीकडचे राष्ट्रपती, त्याचा गाईड, त्याच्या गाईडची सायटिका, सगळ्यांची विचारपूस होईपर्यंत पंचवीस मिनिटं जायची. भाकऱ्या गार!

बायको म्हणाली, “अहो, आपला देव दोन ओळींच्या श्लोकात ऐकतो. यांचा जरा कमी ऐकतो का?”

पण बाई हुशार. तिसऱ्या रविवारपासून त्याने डोळे मिटले की ती कुकर लावायची. घानाच्या राष्ट्रपतींना पहिली शिट्टी, गाईडच्या कमरेला तिसरी. आमेनला भात तयार.

एकदा लक्ष्मण मासळी द्यायला आला आणि दारातच हात जोडून उभा राहिला. लक्ष्मण म्हणजे आमचा कोळी. सकाळी मासळी विकतो, दिवसभर बीचवर वॉटर स्पोर्ट्स चालवतो. त्याची सासुरवाड श्रीवर्धनकडची, तिथल्या देवळात गाऱ्हाणं घातलं की मागून साथ द्यायची त्याला सवय. इमॅन्युएल गरजला, “प्रभू, या घराचं रक्षण कर!” आणि मागून लक्ष्मणचा खणखणीत आवाज : “व्हय म्हाराजा!”

इमॅन्युएलने एक डोळा उघडला, खूश झाला आणि प्रार्थना आणखी दहा मिनिटं वाढवली. त्या दिवशी भात करपला.

* * *

तिसऱ्या वर्षी मंडळाचं पत्र आलं. तीन वर्षांत एकही बाप्तिस्मा नाही. डिसेंबरअखेर निदान एक तरी झाला नाही, तर नागावचं काम बंद करून पास्टरांना परत बोलावण्यात येईल.

साळव्यांनी ते पडवीत सगळ्यांना वाचून दाखवलं. हॉस्टेलवर रविवारी मेस बंद असते आणि आई तर कायमचीच दूर असते. या मुलांना आठवड्यातून एकदा कुणीतरी ‘वाळलास रे’ म्हणणारं घर हेच होतं.

“मी घेतो बाप्तिस्मा,” इमॅन्युएल म्हणाला.

“तुझा झालेला असेल ना?”

“लहानपणी कपाळाला पाणी लावलं होतं. मी झोपलो होतो.”

साळवे सरळ माणूस. “मंडळासाठी नको,” ते म्हणाले. “आठवडाभर विचार कर.”

त्याने आठवडाभर केला. मग म्हणाला, “मनापासून हवा. पण पूर्ण बुडून. आणि समुद्रात.”

साळव्यांचा चेहरा उतरला.

* * *

रविवारी दुपारी बाराची वेळ ठरली. पांढरे कपडे घालून, गाणी म्हणत मंडळी समुद्राकडे निघाली. गाणी संपली तरी समुद्र येईना. ओल्या वाळूतून आम्ही चाललोच आहोत! शेवटी पाणी आलं, ते घोट्याएवढं.

काठावर लक्ष्मण पोट धरून हसत होता. “भाऊ, आज अष्टमी हाय! बाराला सुकी असते. येवढा शिकलेला पास्टर, तिथ न्हाय बघत?”

मग मी घरी येऊन साळव्यांना आमच्या किनाऱ्याचं गणित शिकवलं. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ साधारण निघते : अष्टमीला सहा, म्हणजे बाराला ओहोटी. गणिताचा मास्तर हरखला! माझं पंचांग त्यांनी बायबलच्या पिशवीत घातलं आणि पुढचा रविवार काढला : पौर्णिमा, दुपारची भरती. इमॅन्युएलचा व्हायवा झाला होता आणि मंगळवारचं विमान होतं. म्हणजे हाच शेवटचा मुहूर्त.

* * *

पौर्णिमेला पाणी भरपूर होतं. पण लक्ष्मण आडवा आला.

“जाकिट घातल्याबिगर गिऱ्हाईक पान्यात जायाचा न्हाय. नियम हाय. देव असू दे न्हायतर देवाचा बाप!”

“आणि पास्टर?”

“बुडनाऱ्याला जाकिट. बुडवनाऱ्याचा नियमात काय लिवला न्हाय.”

इमॅन्युएलने नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं. साळवे डोळे मिटून कमरेएवढ्या पाण्यात गेले, मंत्र म्हणाले आणि त्याला मागे झुकवलं. तो आडवा झाला आणि नारळासारखा तरंगत राहिला! साळव्यांनी दोन्ही हातांनी दाबलं. इकडून दाबलं की तिकडून वर.

“भाऊसाहेब, या!”

मी गेलो. त्याच्या खांद्यावर बसल्यासारखं वजन टाकून दाबलं. उपयोग नाही. लक्ष्मणलाही राहवेना; त्याने पायाकडून धरलं. “दाबा, दाबा! व्हय म्हाराजा!”

तेवढ्यात पौर्णिमेची लाट आली. आम्ही तिघे साफ खाली. इमॅन्युएल कोरडा वर!

मग तो उभा राहिला आणि त्याने आम्हाला एकेक करून मानगुटीला धरून बाहेर काढलं. काठावरून ग्रेसने तेवढा एक फोटो घेतला.

दुपारी वाडीतल्या हौदात साळव्यांनी त्याला शांतपणे बुडवलं. पाण्यावर सुपारीचं एक पान तरंगत होतं. वर आल्यावर त्याने तोंड पुसलं नाही. बायकोला कुकर लावायचंही सुचलं नाही. फोटो काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

साळव्यांनी अहवालात लिहिलं, ‘बाप्तिस्मा : एक’. सोबत होता तो फोटो जोडला.

जानेवारीत उत्तर आलं : ‘मध्यभागी उभे असलेले आफ्रिकन पास्टर आणि त्यांनी पाण्यातून वर काढलेले तीन स्थानिक बांधव पाहून मंडळास आनंद झाला. कामास दोन वर्षं मुदतवाढ.’

साळवे दिवसभर जेवले नाहीत. “भाऊसाहेब, हे खोटं आहे.”

“तुम्ही कुठे खोटं लिहिलंत? त्यांनी खोटं वाचलं. चाळीस वर्षं मी हेच बघितलंय.”

“काम बंद होईल. पण कळवायला हवं.”

त्यांनी कळवलं. रजिस्टर्ड पोस्टाने. ‘बाप्तिस्मा मधल्याचा. डावीकडचा मी स्वतः, म्हणजे पास्टर. उरलेले दोघे पडवीचे मालक आणि एक मच्छीमार. दोघेही हिंदू असून अपघाताने भिजले आहेत.’

पंधरा दिवस बायकोने रविवारच्या तांदळाला हात लावला नाही. मग पाकीट आलं. साळव्यांनी ते माझ्याकडे दिलं. मी मोठ्याने वाचलं :

‘आपल्या माणसांसोबत स्वतः पुन्हा पाण्यात उतरून पास्टरांनी नम्रतेचा जो आदर्श घालून दिला, तो लक्षात घेऊन मुदतवाढ दोनऐवजी पाच वर्षं करण्यात येत आहे. ता. क. अपघाताने भिजलेल्या दोघांसाठी मंडळ रोज प्रार्थना करीत आहे.’